तिसरा भाग, त्रेचाळीस

"तिसरा भाग, त्रेचाळीस," मी माइकमध्ये म्हटलं आणि तिथेच उभी राहिले. का, ते मला कळलं नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं, वळून जागेवर जायचं एवढंच उरलं होतं. पण पाय हलेनात. सभापती विन्स्लो थेअर चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होता. गावाची कारकून डॉरिस पेन्सिल कागदाला न टेकवता बसली होती. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्यांवर तीनशेवर माणसं नारिंगी कार्डं मांडीवर ठेवून बसली होती आणि दोन-तीन सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग कुणीतरी खोकलं. विन्स्लोनं नजर खाली वळवली आणि म्हणाला, "आभारी आहे, जेनी." डॉरिसनं त्रेचाळीस लिहिलं. मी परत येऊन माझ्या भागाच्या कडेला, बास्केटबॉलच्या रिंगखाली उभी राहिले आणि चौथ्या भागाचा मोजणीदार माइककडे निघाला. काहीतरी राहिलं होतं. शेगडी चालू ठेवून घराबाहेर पडल्यावर वाटतं ना, तसं. पण असं मला गेले अकरा महिने रोजच वाटतं, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गावसभेत मोजायचं काम मी करते त्याला हे एकोणिसावं वर्ष. आमच्याकडे बहुतेक ठराव एका आवाजात निघतात. सभापती विचारतो, लोक "हो" म्हणतात, हातोडा पडतो, पुढे चला. दोन्हीकडून सारखाच आरडाओरडा झाला किंवा दोन तृतीयांश मतं लागणार असली की मग कार्डं वर होतात आणि आम्ही पाच जण आपापल्या भागात रांगेरांगेनं ती मोजतो. मोजणीदारालाही मत असतं. त्यानं कार्ड वर करायची गरज नाही. शेवटी आपल्या आकड्यात स्वतःला धरायचं, त्याचा शब्द पुरे. पहिल्याच वर्षी, आगीच्या बंबाच्या ठरावाला, मी स्वतःला धरायला विसरले. आकडा सांगून वळले तोच तिसऱ्या रांगेतून माझा नवरा ओरडला, "ए जेनी, स्वतःला धरलंस का?" अख्खं जिम हसलं. मी लाजेनं मेले आणि म्हणाले, "आणि मी. सदतीस." पुढच्या वर्षी मी काही विसरणार नव्हते, पण मिच तरीही ओरडला. त्याच्या पुढच्या वर्षी लोक त्याची वाटच बघायला लागले. मग ती रीतच पडली. मी मुद्दाम एक कमी सांगायची, थांबायची, तो ओरडायचा, मी म्हणायची, "धरते रे बाबा, गाव कशाला गोळा करतोस!" आणि डॉरिस तेव्हा कुठे पेन्सिल टेकवायची. एकदा मिचचा घसा बसला होता, तर त्यानं शेजारच्या मिलीला कोपर मारून ओरडायला लावलं. अठरा वर्षं हे चाललं. हे सगळं मला त्या दोन-तीन सेकंदांत आठवायला हवं होतं. नाही आठवलं. मी नुसती उभी होते आणि माझ्या बुटाचा बंद सुटलाय का ते बघत होते.

ते त्रेचाळीस चौदाव्या ठरावाच्या बाजूनं होते, आणि तो ठराव आमच्याच शेताचा होता. आमच्या म्हणजे, कसलं आम्ही आणि कसलं तुम्ही, कागदावर ते मिचच्या थोरल्या भावाचं, चेटचं. चेट बारा वर्षांपूर्वी फ्लोरिडात गेला, तो आता मतदार नाही. म्हणून तो भिंतीकडच्या बाकांवर, गावाबाहेरच्या लोकांसाठी दोरी बांधून ठेवलेल्या जागेत, फिकट पिवळी पँट घालून बसला होता. अडतीस एकर, नदीच्या वळणातली, दगड म्हणून सापडणार नाही अशी जमीन. यांच्या आज्यानं पोलंडहून आल्यावर कांद्यासाठी घेतलेली, मग तंबाखू, मग गवत. गवत म्हणजे अॅस्परॅगस. भाजीचे कोंब, शतावरीच्या जातीतले. आमच्या खोऱ्यात त्याला कुणी एवढं लांबलचक नाव घेऊन हाक मारत नाही. चेटला एका बिल्डरनं गाठलं, बावीस घरं बसतात म्हणे. कायद्यानं गावाला हक्क होता की तेवढीच किंमत देऊन जमीन आपण घ्यायची आणि कायमची मोकळी ठेवायची. चेटला काय, डॉलर तो डॉलर. "कुणीही घ्या, फक्त लवकर घ्या," तो सकाळी मला दारात म्हणाला. "फ्लोरिडात माझा कुत्रा शेजाऱ्याकडे आहे."

जिला फरक पडणार होता ती मिली. मिलाग्रोस तिचं नाव, प्वेर्तो रिकोची, चौदा वर्षं मिचबरोबर गवत कापलं तिनं. पहिल्या वर्षी मजूर म्हणून, मग निम्म्या वाट्यानं. मिच गेल्यावर हा हंगाम ती एकटीच निस्तरते आहे. जमीन गावाकडे आली तर ती मिलीलाच खंडानं द्यायची, असं गावाच्या जमीन समितीनं लिहून ठेवलं होतं. नाही आली तर ऑगस्टमध्ये बुलडोझर. आणि गवत काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मुळं लावल्यावर तीन वर्षं त्याला हात लावायचा नसतो, नुसतं बघत बसायचं. मग पंधरा-वीस वर्षं ते देत राहतं. मिली बावन्न वर्षांची आहे. मार्चमध्ये शेडमध्ये रबरबँड निवडत बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "डोन्या जेनी, मी घरोघर फिरतेय, पण तुझ्याकडे मत मागायला लाज वाटते." मला डोन्या ती चिडवायला म्हणते, तिच्या गावात बड्या बायकांना म्हणतात. मी म्हटलं, "माझं मत तुझंच आहे, मागतेस काय." हे मी रबरबँडवरची नजर न काढता म्हटलं. खोटं नव्हतं. पण खरं असतं तेव्हा छातीत काहीतरी हलतं, तसं काही हललं नाही.

भाषणं झाली तेव्हाही नाही. टेकडीवर नवीन घर बांधलेल्या एक बाई उठल्या आणि सूर्यास्ताबद्दल, कुरणातल्या पक्ष्यांबद्दल, मोकळ्या आकाशाबद्दल बोलल्या. गॅरी प्लांट, आमचा प्लंबर, उठून म्हणाला, "बाईसाहेब, आकाश कुणी विकत नाहीये, ते फुकटच राहील. शाळेचं छप्पर गळतंय. तुमच्या सूर्यास्ताचा कर माझ्या आईनं पेन्शनमधून का भरायचा?" निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या. मला दोघांचंही पटलं. मग मिली माइकपाशी गेली. पहाटेपासून कापून आली होती, नखांत हिरवं होतं, तिनं हात पाठीमागे धरले. ती म्हणाली, "मला सुंदर बोलता येत नाही. ती जमीन चांगली आहे. मला ती कसायची आहे." बस. परत येऊन तिसऱ्या रांगेत, मिचच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसली. मिचची खुर्ची म्हणजे काय, दरवर्षी मांडतात त्याच खुर्च्या. पण तिथे कुणी बसलं नव्हतं. लोकांनी न ठरवता सोडली होती. "हो"ची कार्डं वर झाली तेव्हा मी पहिल्या रांगेपासून मोजत आले. तिसऱ्या रांगेत मिलीचं कार्ड विसावं. मग ती खुर्ची. मग एकवीस.

मिच गेला तो हंगामाच्या शेवटच्या दिवशी. मी रस्त्याकडच्या दुकानात होते. आमचं दुकान म्हणजे एक टेबल, वर छत, आणि लोक आपणहून पैसे टाकतात तो डबा. मिली शेताकडून येताना दिसली, ती धावत नव्हती. ती धावत असती तर मला कळलं असतं. ती चालत आली, माझ्या हातातली जुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "जेनी, चल." डोन्या म्हणाली नाही. मी तिला म्हटलं, "थांब, सूप ठेवलंय, बंद करून येते." घरात गेले, शेगडी बंद केली, झाकण ठेवलं, हात पुसले. मग गेले. तो वाफ्यात एका कुशीवर होता, सुरी हातात, आणि सुरीला लागलेली माती ओली होती. लोक म्हणतात, रडून घे, मोकळी हो. मी काय मुद्दाम अडवून बसले होते! चर्चमध्ये, स्मशानात, नंतर हॉलमध्ये पियेरोगी वाढताना सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, आणि मी आपली बघतेय की लोणी पुरेल की नाही. रात्री झोप लागायची. भूक लागायची नाही, पण वेळ झाली की खायची. दिवस यायचे, जायचे. मी एकटीचाच कप मांडते, एकटीचीच अंडी फोडते, पण कुणी विचारलं की घरात कोण कोण आहे, तर तोंडून निघतं, "कुणी नाही." टपालवाल्याला मी एकदा हेच सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही आहात की!" मी म्हटलं, "हो, ते आहेच."

आणि ते शेत. सगळे धरून चालले होते की शेत राहावं म्हणून मी तडफडतेय. समितीच्या बाईनं तर विचारलं, मिचच्या नावानं एक बाक ठेवू या का, नदीकडे तोंड करून. मिच आणि बाक! चाळीस वर्षांत तो माणूस त्या शेतात बसला नव्हता. वाकलेला तरी होता नाहीतर आडवा. एकदा पाठ धरली असताना तो मला म्हणाला होता, "या गवतानं माझी पाठ खाल्ली, जेनी. उद्या कुणी घरं बांधली तर मी पहिल्या घराला रंग फुकट देईन." दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गेलाच की कापायला. तेव्हा त्याला काय हवं होतं ते मला विचारू नका. मला काय हवं होतं तेही विचारू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते शेत दिसतं. मी भांडी घासताना तिकडे बघते आणि मला शेत दिसतं. मिलीला हवं होतं, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याच एका खुंटीला स्वतःला टांगून ठेवलं होतं.

"विरुद्ध"ची कार्डं वर झाली. मी पुन्हा रांगेरांगेनं गेले. गॅरीनं कार्ड पार डोक्यावर ताणून धरलं होतं, मी मोजल्यावर म्हणाला, "दोनदा धर, जाड आहे मी." मी म्हटलं, "तुझं बिलही दोनदा येतं, तेवढं पुरे." हसला. तोंड आपलं चालू होतं. तोंडाला काही सांगावं लागत नाही. "तिसरा भाग, एकोणीस," मी माइकवर सांगितलं आणि या वेळी थांबले नाही. मग डॉरिस बेरीज करायला लागली. जिमच्या जमिनीला नवं पॉलिश केलं होतं, त्याचा वास येत होता. मी फ्री-थ्रोच्या रेषेवर उभी होते. डॉरिसनं एकदा बेरीज केली, मग दुसऱ्यांदा, आणि कागद विन्स्लोकडे सरकवताना तिचा चेहरा उतरला होता.

विन्स्लोनं वाचलं. "ठराव क्रमांक चौदा. बाजूनं दोनशे सात. विरुद्ध एकशे चार. एकूण तीनशे अकरा. दोन तृतीयांशाला दोनशे आठ लागतात." तो थांबला. "एक मत कमी."

जिममधून एक आवाज निघाला, ओरडा नाही, पोटातून श्वास निघतो तसा. मिली हलली नाही. आणि मी, मला गणित चांगलं येतं, दुकानाचे डबे मीच मोजते, मी मनात म्हटलं, तीनशे बारा असते तर दोनशे आठला बरोबर दोन तृतीयांश झाले असते. नेमके. आणि मग, अगदी शांतपणे, माझ्या लक्षात आलं की तीनशे बारावी मी आहे. माझं कार्ड कोटाच्या खिशात होतं. कोट मिचचा होता, बाह्या दुमडलेला. मी "हो"मध्ये नव्हते आणि "विरुद्ध"मध्येही नव्हते. मी कुठेच नव्हते. त्रेचाळीस सांगून मी का थांबले होते तेही आत्ता कळलं.

यात काही अवघड नव्हतं. विन्स्लो नेहमीप्रमाणे विचारणार, मोजणीबद्दल कुणाला शंका आहे का, आणि पुढचा ठराव हाती घेईपर्यंत कुणीही उठून बोलू शकतो. मी नुसतं म्हणायचं, "आणि मी." दोन शब्द. मोजणीदाराचा शब्द पुरे. अठरा वर्षं मी तेच दोन शब्द म्हणत आले होते. विन्स्लोनं विचारलं, "मोजणीबद्दल कुणाला शंका?" आणि तो थांबला, नेहमीपेक्षा जास्त थांबला. त्याची नजर सगळ्या जिमवरून फिरली आणि तिसऱ्या रांगेपाशी येऊन चटकन पुढे सरकली. मी पाहिलं, डॉरिसही तिकडेच बघत होती, आणि मग तिनं पेन्सिलच्या टोकाकडे पाहिलं. चांगली माणसं. मीही तिकडेच बघत होते. मला सगळं ठाऊक होतं, आकडे तोंडावर होते, जीभ होती, आणि तरी मी गप्प उभी होते, कारण माझी बोलायची पाळी नंतर येते. आधी तो ओरडतो. नेहमी आधी तो ओरडतो. मी वाट बघत होते. लाज वाटते सांगायला, चौसष्ट वर्षांची बाई, पण मी खरोखर, कान देऊन, वाट बघत होते. रिकामी खुर्ची तशीच होती. कुणाच्या तरी पायाखाली जमीन चुरचुरली. मग विन्स्लोनं हातोडा मारला आणि म्हणाला, "ठराव नामंजूर. क्रमांक पंधरा, स्मशानभूमीसाठी गवत कापायचं यंत्र," आणि मिच ओरडला नाही, आणि तो आता ओरडणार नाही हे मला त्या हातोड्याच्या आवाजात कळलं. अकरा महिन्यांनी.

पंधरावा एका आवाजात निघाला. मग जेवणाची सुट्टी झाली. कॉरिडॉरमध्ये लांब टेबलांवर चर्चच्या बायकांनी बीन्स, पाव आणि रुबार्बची गोड पेस्ट्री मांडली होती आणि मी दारातून बाहेर पडायच्या आत लोकांनी मला घेरलं. "जेनी, फार वाईट झालं गं." "एका मतानं, जेनी!" मिचच्या वेळी जे हात खांद्यावर पडले होते तेच हात, तशाच थापा, उलट आज जरा जास्तच मनापासून. चेट दोरी ओलांडून आला, माझ्या गालाला गाल लावला आणि म्हणाला, "या मेल्या मिचनं एक वर्ष दम धरला असता तर! तेवढंच एक मत हवं होतं की." आजूबाजूचे म्हणाले, हो ना, मिच असता तर. तेच वाक्य बीन्सच्या टेबलापर्यंत माझ्याआधी पोचलं. मिच असता तर. मी म्हणत होते, "हो, असता तर."

मिली दाराजवळ, कार्डं परत टाकायच्या खोक्यापाशी उभी होती. तिनं जेवण घेतलं नव्हतं, टोपी डोक्यावर चढवली होती. "निघते," ती म्हणाली. "सकाळचं कापलेलं अजून गार पाण्यात टाकलं नाही, उन्हानं मऊ पडेल. अजून महिनाभर तोडणी आहे, तेवढी तर करू." तिचा आवाज कोरडा होता. मी म्हटलं, "मिली." तिला वाटलं मी कोसळणार. तिनं माझा हात धरला, हिरव्या नखांचा तिचा हात, आणि माझ्यासाठी, बाई, माझ्यासाठी ती हसली. "आज कुणी ओरडलंच नाही बघ, डोन्या. तू माइकपाशी थांबलीस ना, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं मला शिकवलंय की, आठवतं? म्हटलं, नको, सगळ्यांसमोर बिचारीला कशाला रडवा. गिळलं." मग मान तिरकी करून, अगदी त्याच्यासारखी हनुवटी पुढे काढून ती हळूच म्हणाली, "ए जेनी, स्वतःला धरलंस का?"

"नाही," मी म्हटलं.

ती आधी हसलीच. मग तिचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे बाजूला गेले. चौदा वर्षं जुड्या मोजलेली बाई. तिला कागद लागत नाही. तिनं माझा हात सोडला नाही, पण तो धरलेलाही राहिला नाही.

"विन्स्लोनं विचारलं तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते."

कुणाची, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं आपलं कार्ड खोक्यात टाकलं, टोपी खाली ओढली आणि गेली. तिचा ट्रक एकदा सुरू झाला नाही, मग दुसऱ्यांदा झाला.

तिथेच, त्या खोक्यापाशी, मला रडू आलं. हुंदके आवरेनात. अकरा महिने जे आलंच नव्हतं ते सगळं एकदम वर आलं. बायका हातातली ताटं ठेवून धावल्या. "रडू दे तिला, रडू दे. शेत ते शेत असतं." डॉरिसनं मला छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हटलं, "चव्वेचाळीस."

"काय गं?" डॉरिस म्हणाली. "काय म्हणालीस?"

"आणि मी," मी म्हटलं. "चव्वेचाळीस."

तिचा हात माझ्या पाठीवर थांबला.